सोटमूळ

“ते मूळ टाकू नकोस हं. कशाला तरी उपयोगी पडेल.”

2016 चा मार्च, ईस्टरची सुट्टी. नॉटिंगहममधल्या आमच्या घरामागच्या टीचभर अंगणात जुनी वर्तमानपत्रं पसरून मी एक झाड आडवं टाकून बसले होते. हातात छोटी करवत, शेजारी पाण्याची बादली. आई मागच्या दाराच्या पायरीवर. साडीवर माझ्या नवऱ्याचा जाड कोट, कानांवर मफलर, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर अंगठ्याच्या चपला. ती आली होती माझ्या बाळंतपणाला. बाळ दोन महिन्यांचं, आत झोपलेलं. त्यामुळे ‘बाळंतिणीनं गार मातीत हात घालायचे नसतात’ हे तिचं तासभर चालू होतं. शेवटी करवत आरपार गेली, अंगठ्याएवढं जाड आणि वीतभर लांब मूळ कागदावर पडलं आणि ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, आता झाडाची कीव येणार. ‘पाय कापलेस की गं त्याचे’ असं काहीतरी. त्याला काय उत्तर द्यायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. आलं ते हे वाक्य.

“कशाला उपयोगी पडेल?” मी विचारलं.

“ते मला काय माहीत? पण लाकूड चांगलं आहे.”

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. वाईच्या घरात माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक घालून ठेवलेले असत, त्यांना झाकणं कधीच जुळत नसत. मिठाईच्या खोक्यांचे दोरे, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, ब्लाउजपिसांच्या चिंध्या, बंद पडलेल्या मिक्सरचं भांडं. ‘असू दे, कशाला तरी उपयोगी पडेल.’ त्या कशाला-तरीचा दिवस उगवलेला मी फारसा पाहिला नाही. स्वतःचं घर झालं तेव्हा मी ठरवूनच फडताळं रिकामी ठेवली. सात हजार किलोमीटर लांब येऊनही ते वाक्य माझ्या अंगणात येऊन बसलं, तेही एका तोडलेल्या मुळाबद्दल, म्हणून मी चिडले. आणि तरी संध्याकाळी कागद गोळा करताना बारीक मुळ्या कचऱ्यात टाकल्या, ते मूळ मात्र शेडमधल्या फळीवर ठेवून दिलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढे कितीतरी दिवस ते तिथे दिसलं की खटकायचं.

तसं पाहिलं तर ते झाडच मुळी न टाकवल्यामुळे आमच्याकडे होतं. 2012 च्या ऑक्टोबरात लेक चार वर्षांची होती. वोलॅटन पार्कमध्ये हरणं बघायला गेलो, आणि हरणांपेक्षा तिला झाडाखालचा सडा जास्त आवडला. ओकची फळं. आईनं नंतर त्यांना नाव दिलं ‘टोपीवाली सुपारी’, आणि याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. कोटाचे दोन्ही खिसे भरून आले. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की पाण्यात टाका, तरंगतील ती पोकळ, बुडतील ती चांगली. बुडालेली सात आम्ही दह्याच्या डब्यांत लावली. पाच खारीनं उकरून नेली. उरलेल्या दोहोंपैकी एकाची माती लेकीनं उतावीळपणानं नोव्हेंबरातच उकरली, तेव्हा पाहिलं की त्याला पांढरं जाडसर मूळ फुटलेलं होतं आणि वर काहीच नव्हतं. ओक असाच. शरदात फळ पडलं की आधी खाली जातो, थंडीभर खालीच राहतो. वरचं पान दिसायला एप्रिल उजाडतो. मी आईला फोनवर सांगितलं, “आमच्याकडे ओक आलाय.” ती म्हणाली, “कुठले? पुण्याचे?”

त्यातलं एक रोप लेकीच्या शाळेनं कुंपणापाशी जमिनीत लावलं. दुसरं आमच्याकडे, काळ्या खोल प्लॅस्टिकच्या कुंडीत. आमच्या अंगणात ओक जमिनीत लावणं शक्यच नव्हतं. चिकणमातीत हे झाड उन्हाळ्यात इतकं पाणी ओढतं की माती आकसून घराचा पाया खचतो. विमावाले तर घराजवळ ओक आहे का ते विचारून घेतात. मग करायचं काय? मोठं होऊ द्यायला जागा नाही आणि टाकून द्यायला मन नाही, अशा पेचातून मी बोन्सायकडे गेले. लोक कलेकडे ओढीनं जातात म्हणे. मी अडचणीतून गेले.

गेले तीही उशिरा. ओकचं सोटमूळ पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कापायचं असतं, म्हणजे बाजूच्या मुळ्या फुटतात, आणि उथळ कुंडीत झाडाला त्यांचाच आधार. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं. कुंडी उपडी करून ठोकली तेव्हा मातीचा अख्खा साचा बाहेर आला. वरचं मूळ गाजरासारखं सरळ, आणि तळाशी पोचल्यावर पुढे जागा नाही म्हणून तिथेच अडीच वेढे घालून बसलेलं. जिलबीच. मातीला पावसात भिजलेल्या अळंब्यांचा वास होता, आणि मुळ्यांभोवती पांढरं जाळं. “बुरा आलाय,” आई म्हणाली, “सगळं धुऊन काढ.” तो बुरा म्हणजे ओकचा सोबती. ती बुरशी मुळ्यांना पाणी आणि क्षार आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. म्हणून माती बदलताना जुन्यातली मूठभर नव्यात घालायची. हे सांगितल्यावर तिला लगेच पटलं. “विरजणासारखं,” ती म्हणाली.

मुळं सोडवायला मी जुना काटा वाकवून आकडी केली होती. वरून खाली ओढत होते आणि बारीक मुळ्या तटातट तुटत होत्या. आईला ते बघवेना. कोटाच्या बाह्या वर सारून ती खाली बसली (बाळंतिणीला मनाई होती, बाळंतिणीच्या आईला नसावी). “शेंड्याकडून सोडव. केसांचा गुंता काय वरून ओढतात?” असं म्हणत तिनं मुळ्यांच्या टोकांशी बोटं घातली. दहावीपर्यंत रोज सकाळी माझ्या दोन वेण्या तिनं घातल्या. त्या बोटांनी खोबरेल तेल नसतानाही तो गुंता अर्ध्या तासात मोकळा केला. मी नुसती पाणी मारत होते. मुळ्या वाळता कामा नयेत, एवढंच काम मला उरलं होतं. मग करवत चालवायची वेळ आली तेव्हा ती हात पुसत पायरीवर गेली. कापणं तुझं तू कर, अशा अर्थानं.

माती बघून मात्र तिचा तोल गेला. अर्धी होती जपानची आकादामा, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मातीचे वाळवलेले, चाळलेले खडे. पिशवी सोळा पौंडांची. तिनं मनात गुणाकार केला. “दीड हजाराची माती? जपानहून?” उरलेली अर्धी होती मांजरांच्या शीसाठी दुकानात मिळते ती खडेवाली. इथले पुष्कळ हौशी लोक वापरतात. स्वस्त पडते, पाणी धरते, चिखल होत नाही. यावर ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी वाईला फोन लावून वडिलांना तिनं एवढंच सांगितलं, “ठीक आहे सगळं. मांजर नाहीये, पण मांजराची माती आहे.”

कापलेल्या जागेखाली मी एक सपाट कौल ठेवलं आणि उरलेल्या मुळ्या त्यावर चहूकडे पसरल्या, म्हणजे खाली जायला वाटच नाही, आडवंच वाढायचं. ज्यात झाड लावायचं त्या खोक्याच्या तळातून तार ओवून ते घट्ट बांधलं, कारण नवी मुळं फुटताना झाड वाऱ्यानं हललं तर ती कोवळेपणीच तुटतात. मग चिनी जेवणाबरोबर आलेल्या काडीनं खडे मुळ्यांच्या सांदींत ठासायचे, टोचत, हलवत, एकही पोकळी न ठेवता. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पोकळीत मूळ मरतं.

त्या दिवशी आतून बाळाचं रडणं आलं आणि आम्ही दोघी हात धुऊन गेलो. तिन्हीसांजेची गुटीची वेळ. आईनं वाईहून सहाण आणली होती, पिशवीत साडीत गुंडाळून; विमानतळावर तिला ‘हा दगड कशासाठी’ असं विचारलंही होतं. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, हळकुंड, खारीक. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. दुधाचा थेंब टाकून गोल फिरणारा तिचा हात, दगडावर उमटणारं करडं-पिवळं वर्तुळ, आणि तो वास, जो मला कुठल्याही वयात वाईच्या स्वयंपाकघरात नेऊन उभं करतो. इथे घरी येऊन बाळ तपासणाऱ्या नर्सनं मला स्पष्ट सांगितलं होतं की सहा महिने दुधाशिवाय काही नाही. मी आईला तेही सांगत होते आणि नर्सला गुटीचं सांगत नव्हते. दोघींशी अर्धं-अर्धं खोटं वागत होते. आई बोटाच्या टोकावर जेमतेम लागेल एवढंच चाटवायची, आणि मी दुसरीकडे बघायचे. आज विचारलंत तर मी नर्सच्या बाजूची आहे. पण वास आला की बाजू राहत नाही.

मे महिन्यात, ती परत जायच्या आधी, तिला शेरवूडच्या जंगलात मेजर ओक दाखवायला नेलं. आठशे ते हजार वर्षांचं म्हणतात. घेर दहा मीटरच्या वर, खोड आतून पोकळ, अंगावर नुकतीच फुटलेली पोपटी पालवी. 1790 मध्ये मेजर हेमन रूक नावाच्या गृहस्थानं या भागातल्या थोर ओकांवर पुस्तक लिहिलं, त्यावरून झाडाला मेजर हे नाव. आई हात जोडायला पुढे झाली तर मध्ये कुंपण. लोकांनी बुंध्याशी इतकी वर्दळ केली की पायांखाली माती दगडासारखी झाली, मुळांना हवा मिळेना. म्हणून 1970 च्या दशकात कुंपण घातलं. आडव्या फांद्यांखाली लोखंडी टेकू दिलेले आहेत. आई बराच वेळ बघत राहिली. “कुबड्या दिल्यात की गं,” ती म्हणाली. मग थोड्या अभिमानानं, “आपला वड स्वतःच्या कुबड्या स्वतः काढतो.” सुरूरहून वाईकडे वळलं की दोन्ही बाजूंनी वडांची जी कमान लागते ती तिच्या डोळ्यांपुढे असणार. मला मात्र दुसरंच सुचत होतं. मी समजत होते की जमिनीतला ओक स्वतंत्र आणि माझा कुंडीतला परावलंबी. इथे हजार वर्षांचा राजा, आणि त्याच्याही फांद्या माणसांनी तोलून धरलेल्या, त्याच्याही मातीत हवा जावी म्हणून कुणीतरी जपणारं.

बोन्सायला आपल्याकडे ‘वामनवृक्ष’ म्हणतात. शब्द गोड आहे पण मला तो पटत नाही. वामन स्वतःच्या मर्जीनं लहान झाला होता.

आणि मंडळाच्या गणपतीत एका ओळखीच्या बाईंनी माझ्या या छंदाबद्दल ऐकून “तुझ्यासारखंच की गं ते, मूळ तोडून परक्या कुंडीत” असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी मोदक तोंडात असल्यानं गप्प बसले. वस्तुस्थिती अशी की ओक इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. परकी मी, माती जपानची, आणि गुंता सोडवणारी वाईची. त्याला त्याच्याच गावात आम्ही तिघींनी मिळून खोक्यात घातला.

पुढची वर्षं सांगण्यासारखी कमी आणि वाट बघण्यासारखी जास्त होती. 2017 च्या वसंतात फांद्यांना तार गुंडाळली, जुलैत सगळे वाईला गेलो. शेजाऱ्यांनी पाणी अगदी वेळेवर घातलं, त्यामुळे फांद्या जोमानं जाड झाल्या आणि तार सालीत रुतली. ओक एका दमात वाढतो, थांबतो, पुन्हा दम भरतो. ऑगस्टच्या सुमाराला त्याला दुसरी पालवी येते, आंब्यासारखी तांबूस. आम्ही परतलो तेव्हा ती तांबूस पानं भुरीनं पांढरी झाली होती आणि खालच्या फांदीवर तारेचे वळ. भुरी गेली. वळ आजही दिसतात. छडीचे असावेत तसे. मग एका वर्षी भीतभीत खोड अर्ध्यावर छाटलं. ती जखम भरून यायला ओकनं इतका वेळ लावला की मी तिकडे बघणंच सोडलं. पानांचंही तसंच. तळहाताएवढी पानं एवढ्याशा झाडावर फार केविलवाणी दिसतात. ती लहान व्हायला आधी डहाळ्या पुष्कळ व्हाव्या लागतात, आणि डहाळ्या व्हायला टोकाशी जो डोळ्यांचा झुबका असतो त्यातला मधला सगळ्यात जोमदार डोळा खुडावा लागतो. मागचे झोपलेले डोळे तेव्हा कुठे जागे होतात. जोमदारालाच खुडायचं, हे माझ्या हाताला अजून नीट वळलेलं नाही.

2018 च्या शरदात लेकीला त्या झाडाच्या डहाळीवर एक गोळी सापडली. गोल, तपकिरी, लाकडासारखी कडक, बाजूला सुईनं पाडल्यासारखं भोक. मी ती हातात घेतली आणि नाकाशी नेली. का नेली कोण जाणे. वास काही नव्हता. पण आकार, वजन, ते भोक हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघरात जाऊन गुटीचा डबा उघडला. आईनं जाताना मागे ठेवलेला, अर्थातच, कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून. मायफळ काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. आमचं गुळगुळीत, तिचं जरा खडबडीत, बारीक पुटकुळ्या असलेलं. एवढाच फरक.

मायफळ हे फळ नाहीच. तुर्कस्तान, सीरिया, इराण या बाजूला ओकची एक जात असते. तिच्या कोवळ्या डोळ्यात एक बारीकशी गांधीलमाशी अंडं घालते, आणि आतल्या अळीभोवती झाड ही गाठ वाढवतं. भोक म्हणजे माशी वाढून उडून गेल्याची खूण. गाठीत टॅनिन ठासून भरलेलं, म्हणून तो तुरटपणा जिभेवर असा बसतो. युरोपात याच गाठींमध्ये लोहाचा क्षार मिसळून शतकानुशतकं शाई केली. आमच्यापासून जवळच, लिंकनच्या किल्ल्यात ठेवलेली 1215 ची मॅग्ना कार्टाची प्रत तसल्याच शाईची. आणि आमच्याकडे तीच गाठ सहाणेवर उगाळून तान्ह्याच्या जिभेला. फारसीत तिला माजू म्हणतात, त्यावरून माजूफळ, मायफळ. माझी समजूत लहानपणापासून अशी की मायेचं फळ ते मायफळ. सह्याद्रीत एकही ओक नाही, म्हणून मी हे झाड पूर्णपणे परकं धरून चालले होते. आणि ते माझ्या जिभेवर माझं नाव ठरायच्याही आधी येऊन गेलं होतं.

आईला फोन केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हणजे बाळाला मी तुझं ते झाड चाटवत होते?”

“त्याच्या नात्यातलं.”

“बघ. आणि तू तोंड फिरवून बसायचीस.”

2019 च्या मार्चमध्ये दुसऱ्यांदा माती बदलली. कौल काढलं तेव्हा खाली जाणारं एकही मूळ नव्हतं. सगळी चांदणीसारखी चहूकडे पसरलेली, चपटी. जुन्या जखमेला कडेनं जाड ओठ आला होता. तो अर्धा तास मी फार खुशीत होते. खडे ठासता ठासता ती चिनी काडी मोडली. घरात दुसरी नव्हती, मुळ्या उघड्या, वारा सुटलेला. शेडमध्ये काहीतरी टोकदार शोधत होते तर फळीवर ते मूळ. तीन वर्षांत वाळून खणखणीत झालेलं, रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा. चाकूनं तासायला घेतलं. वरची साल सुटून आत फिकट, दाट, सरळ लाकूड निघालं. दहा मिनिटांत बोटाएवढी जाड, टोकाला निमुळती काडी तयार. बांबूच्या काडीपेक्षा कितीतरी बरी. मुळ्यांना घासली तरी सोलवटत नाही, वाकत नाही, हातात बसते.

2022 मध्ये त्याच काडीनं झाड पहिल्यांदा खऱ्या उथळ कुंडीत बसवलं. त्याच वर्षीच्या जुलैत, 19 तारखेला, शेजारच्या लिंकनशरमध्ये पारा 40.3 वर गेला. या देशानं एवढा उन्हाळा कधी नोंदवला नव्हता. मी दिवसातून तीनदा पाणी घालत होते, दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाडी काढून घरी येत होते, झाडावर आईची जुनी सुती साडी बांधली होती. त्याच आठवड्यात लेकीबरोबर तिच्या जुन्या शाळेवरून गेले. कुंपणापाशी तो दुसरा. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच. खालचं गवत जळून कागद झालेलं आणि हा सावली पाडून उभा. कुणी त्याला पाणी घातलं नव्हतं, कुणी त्याचा जोमदार डोळा खुडला नव्हता. “आपला लहान राहिला म्हणून वाईट वाटतं का गं?” लेकीनं विचारलं. मी हो म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, पण याला बघायला मी कधी आलेच नाही दहा वर्षांत. ती म्हणाली, “त्याला कुठे गरज होती?” त्यावर मला काही सुचलं नाही, आणि घरी जायची घाई होती, दुपारचं पाणी राहिलं होतं.

आई आता ऐंशीला टेकली. विमानप्रवास बंद. वडील गेल्यावर तिनं एका दिवाळीत माळा रिकामा केला. डबे, चिंध्या, भांडी, सगळं भंगारवाल्याला. मला न विचारता. मला त्याचं इतकं वाईट का वाटलं हे मलाच कळलं नाही.

2025 च्या मार्चमध्ये पुन्हा माती बदलायची वेळ आली. डोळे फुगून गुलाबीसर झालेले. मी फोन विटेला टेकवून तिला व्हिडिओवर घेतलं. धाकटा, नऊ वर्षांचा, पाणी मारायला. मी शेंड्याकडून गुंता सोडवत होते, ती पलीकडून “हळू, हळू” म्हणत होती. झाड तारेनं बांधलं, खडे ओतले, आणि काडी हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर धरली.

“ओळख बघू काय आहे.”

“रवी?”

“अगं, ते मूळ. तूच म्हणाली होतीस टाकू नकोस, कशाला तरी उपयोगी पडेल.”

तिनं चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आली. कपाळ आणि अर्धा डोळा एवढंच दिसत होतं.

“मी? मी कशाला सांगेन असलं? नऊ वर्षं सांभाळलंस हे? फेकून दे, घरात कचरा नुसता.”

धाकटा हसायला लागला. मी काडी मुळ्यांच्या सांदीत घातली आणि टोचायला लागले. खडे कुरकुरत खाली बसत होते.